अल्फ्रेदोची कात्री

ज्युसेप्पे तोर्नातोरे यांचा 'सिनेमा पॅरादिसो' (१९८८) पाहून डोळे टिपणारे आहेत, तसेच त्याला भावविवशतेचा सोहळा म्हणून नाक मुरडणारेही आहेत. अश्रूंचा हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. या चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांविषयी रसिकांत जो मतभेद आहे, त्याच्या मुळाशी मात्र एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

कथा सिसिलीतील जियानकाल्दो या कल्पित गावची. तेथील चित्रपटगृह धर्मग्रामाच्या ताब्यात आहे. फादर अदेल्फियो प्रत्येक चित्रपट आधी एकटे पाहतात आणि चुंबनाचे दृश्य आले की हातातील घंटी वाजवतात. ऑपरेटर अल्फ्रेदो रिळात त्या जागी कागदाची खूण घालतो व पुढे तेवढा तुकडा कापतो. या प्रसंगाला मीही मनमुराद हसलो. (आम्हां धर्मगुरूंना ही घंटी अनोळखी नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढले, त्यातील काळजी प्रामाणिक होती. पण काळजी आणि घंटी यांत अंतर आहे.)

पुढे आगीत अल्फ्रेदोची दृष्टी जाते. त्याचा लाडका तोतो, म्हणजे साल्वातोरे, तरुण होतो, एलेनावर प्रेम करतो आणि ती एकाएकी नाहीशी होते. गाव सोड, परतू नकोस, आमची आठवण काढून हळवा होऊ नकोस, असे बजावून अल्फ्रेदो त्याला रोमला धाडतो. तीस वर्षांनी, अल्फ्रेदोच्या अंत्यविधीसाठी, साल्वातोरे नामवंत दिग्दर्शक होऊन गावी येतो. जगाने डोक्यावर घेतलेली, १९९० साली ऑस्कर मिळवणारी सुमारे दोन तासांची आवृत्ती एलेना का आली नाही, हे सांगतच नाही.

२००२ साली प्रदर्शित झालेली १७३ मिनिटांची आवृत्ती ते सांगते. एलेना आली होती. अल्फ्रेदोनेच, दोघांच्या भल्यासाठी म्हणून, तिला दूर होण्यास समजावले आणि ती येऊन गेल्याचे साल्वातोरेला कधीच कळू दिले नाही. अनेक प्रेक्षकांना हा खुलासा रुचत नाही. त्यांचा प्रेमळ अल्फ्रेदो डागाळतो, आणि प्रौढ प्रेमिकांची भेट लांबते, ही तक्रार कलेच्या दृष्टीने रास्तच आहे.

परंतु अल्फ्रेदोच्या कृत्याचे समर्थन ज्या युक्तिवादाने होते, तो मला पटत नाही. आपण एकत्र असतो तर तुझे चित्रपट झालेच नसते, असे खुद्द एलेनाच म्हणते. फळ गोड म्हणून झाड चांगले, असा याचा अर्थ लावला जातो. संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर दोन ग्रंथ लिहिले. मरणासन्न पित्याने मुलाविषयी विचारले आणि तो मुलगा मरण पावलेला असला तर काय सांगावे, हा प्रसंग त्यांनी स्वतःपुढे ठेवला. आपले काळीज हेलावते, हे त्यांनी मान्य केले. खोटे बोलण्याची मुभा मात्र दिली नाही. तो निकाल कठोर आहे. तरीही त्या पित्याला निदान दुःखापासून वाचवायचे होते. साल्वातोरेच्या बाबतीत तर एका धडधाकट तरुणाकडून त्याच्या आयुष्याचा निर्णय काढून घेतला गेला. तो कदाचित रोमलाच गेला असता. कदाचित गेला नसता. ते ठरवण्याचा हक्क त्याचा होता, आणि अल्फ्रेदोचे प्रेम कितीही निखळ असले तरी तो हक्क त्याच्याकडे येत नव्हता.

मग फादर अदेल्फियो आणि अल्फ्रेदो यांत फरक तो काय? फादरांची घंटी निदान सर्वांना ठाऊक होती. दृश्य कापले गेले की प्रेक्षागृहात ओरड व्हायची. अल्फ्रेदोची कात्री मात्र निःशब्द चालली. चुंबनांचे कापलेले तुकडे एकत्र जोडून त्याने अखेरीस साल्वातोरेसाठी ठेवले. एलेना येऊन गेली, हे सांगायला त्याच्यापाशी बरीच वर्षे होती.

म्हणून मोठी आवृत्ती सदोष असली तरी एकदा पाहावी, असे मी सुचवीन. नंतर लहान आवृत्ती पुन्हा पाहिली, की रेल्वे स्टेशनवरचा अल्फ्रेदोचा तो निरोप निराळाच ऐकू येतो.