हरल्यानंतरचा रविवार

छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना चषकापेक्षा लीगची गरज जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं. हिशेब साधा आहे. 16 संघांची बाद फेरीची स्पर्धा 15 सामन्यांत संपते आणि निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेच संघ लीगमध्ये एकमेकांशी एकदा भिडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 15 सामने येतात. पहिल्या रविवारी ज्याच्या पायांमधून चेंडू निसटला, तो गोलरक्षक पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो. गुडघे वाकवून, हातांमागे छाती आणून तसाच चेंडू अडवतो.

कोणी म्हणेल, एवढी मैदानं, पंच, पैसा आणायचा कुठून? अडचण खरी आहे. पण चार-चार संघांचे गट करा, सात-सात जण खेळवा. दोनदा गाठ घातली, तर सहा सामने नक्की. कोल्हापुरात पेठापेठांचे तालीम संघ वर्षानुवर्षं लीग खेळतात. तिथलाच अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एकट्या लीगनं तो घडला नाही, हे मान्य. पण पुढच्या सामन्याची वाट पाहणारं गाव तिथं आधीपासून होतं.