टाच दुखते तेव्हा सोसायचं म्हणजे नेमकं काय?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४



आजचा श्लोक बहुतेकांच्या ओळखीचा आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख होणारच. ते येतं तसं जातंही, कायमचं राहत नाही. म्हणून ते सोसायला शीक. या सोसण्यालाच आपण 'तितिक्षा' म्हणतो.

कॉलेजात असल्यापासून हा श्लोक मला पाठ आहे. पण या ज्येष्ठात तो माझ्या उजव्या टाचेत येऊन बसला, तेव्हा लक्षात आलं की त्याचा अर्थ मी कधी नीट लावलाच नव्हता.

झालं असं. युरीन इन्फेक्शन झालं, ताप आला. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स दिला, सिप्रोफ्लॉक्सासिन. ताप उतरला. चौथ्या दिवशी मेट्रो स्टेशनचा जिना चढताना टाचेच्या मागे, ती दोरीसारखी जाड शीर असते ना, तिथे चमक आली. वाटलं, चप्पल बदलली म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि तोंडातून "आई गं" निघालं. धावले नव्हते, पडले नव्हते, काहीच केलं नव्हतं.

आणि पालखी तीन आठवड्यांवर आली होती! आमच्या ऑफिसचा ग्रुप दर वर्षी आळंदी ते पुणे चालतो. या वेळी मी पुढे दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचं ठरवलं होतं. ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात जाहीरही करून टाकलं होतं.

मग मी काय केलं? घरातली पेनकिलर घेतली, वर तीच अँटिबायोटिक घेतली आणि संध्याकाळी 'सराव' म्हणून पाच किलोमीटर चालून आले. मनात एकच घोष: सोसायचं. गीतेत सांगितलंय, सोसायचं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंही, "माऊली चालवतात गं, तू फक्त ये."

रात्री पाय इतका सुजला की आईने अक्षरशः ओरडून मला डॉक्टरांना फोन करायला लावला.

तेव्हा कळलं की हा या औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच कुळातली औषधं, फ्लुरोक्विनोलोन. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे टेंडनला, यांनी सूज येऊ शकते, क्वचित ती तुटूही शकते. सर्वात जास्त वेळा त्रास होतो तो टाचेमागच्या टेंडनला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ सालीच याचा ठळक चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीत घालायला लावला. २०१६ साली तर सांगितलं की साध्या युरीन इन्फेक्शनला दुसरा पर्याय असेल तर ही औषधं राखून ठेवा. हे पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात असतं. तो कागद मी न वाचता कचऱ्यात टाकला होता. मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. मी विचारलं नाही, हेही खरं.

खूप राग आला. डॉक्टरांचा, स्वतःचा आणि खरं सांगते, पांडुरंगाचाही. तुझ्याकडेच यायला निघाले होते ना रे!

आता श्लोकाकडे परत येऊ. मी जे केलं ती तितिक्षा होती का?

काहीजण म्हणतील, होती. 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची जी व्याख्या आहे, तिच्यात तर प्रतिकार न करता दुःख सोसणं असंच आहे. मग औषध बदलायचं कशाला, पाय वर करून बसायचं कशाला? पण त्याच व्याख्येत पुढे आणखी दोन गोष्टी आहेत: चिंता नको आणि विलाप नको. मी स्वतःला विचारलं, पेनकिलर घेऊन चालताना माझ्या मनात चिंता नव्हती? सारखी होती. जाता येणार की नाही, ग्रुपवर काय सांगू, सगळे हसतील का. म्हणजे पाय दुखत असताना मी पायाकडे दुर्लक्ष करत होते आणि चिंतेला मात्र मांडीवर घेऊन बसले होते. सोसायचं होतं एक, मी सोसत होते भलतंच.

आणि गीतेतच सतराव्या अध्यायातले पाचवा आणि सहावा श्लोक काढून बघा. दंभ आणि अहंकारापोटी, शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला छळतात, त्यांच्याबद्दल भगवंत फार कडक बोलतात. ते म्हणतात की असे लोक शरीरातल्या भूतांना तर पिडतातच, शरीरात राहणाऱ्या मलाही पिडतात. हे वाचून मी थांबले. सुजलेल्या पायावर पाच किलोमीटर चालणं ही भक्ती नव्हतीच. ग्रुपवर टाकायचा दिवे घाटातला फोटो होता तो. आणि त्या फोटोसाठी मी ज्याला भेटायला निघाले होते त्यालाच दुखवत होते.

मग तितिक्षा कुठे आहे? ती सुरू होते डॉक्टरांना फोन केल्यावर. डॉक्टरांनी गोळी बदलली, बुटात टाचेखाली ठेवायला छोटा पॅड दिला आणि सांगितलं, "चालणं कमी, धावणं बंद. बरं व्हायला काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने." करण्यासारखं होतं ते करून झालं. आता उरलं ते फक्त सोसणं. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना येणारी कळ. ऑफिसच्या जिन्यावर सगळे पुढे जाताना कठडा धरून मागे राहणं. "अजून दुखतंय?" या प्रश्नाला पन्नासाव्यांदा नीट उत्तर देणं. उपाय केल्यावरही जे शिल्लक राहतं, तिथे हा श्लोक कामाला येतो. हे आलंय, जाईल, आज मात्र आहे. एवढंच म्हणायचं आणि दात घासायला जायचं.

काही दिवस हेही जमलं नाही. रडले. आठवून बघा, अर्जुनाचीही पहिल्या अध्यायात हीच अवस्था आहे. अंग थरथरतंय, तोंड कोरडं पडलंय, धनुष्य हातातून निसटतंय. तितिक्षेचा उपदेश भगवंतांनी धडधाकट, शांत बसलेल्या माणसाला केलेला नाही. ज्याचं शरीर ऐकेनासं झालंय, त्याला केलाय.

पालखी पुण्यातून निघाली त्या दिवशी मी हडपसरला रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसले होते. आमच्या सोसायटीने वारकऱ्यांसाठी पाणी आणि पाय चोळायला तेल ठेवलं होतं. मला बसून करता येईल असं तेच काम होतं. एक साठीच्या पुढच्या माऊली समोर बसल्या. टाचांना भेगा, मध्ये माती. मी तेल लावत होते आणि त्यांचं लक्ष माझ्या बँडेजकडे गेलं. "तुला काय झालं गं?" मी सांगितलं, गोळीने शीर सुजली, यंदा चालता येत नाही. वाटलं, त्या हळहळतील. त्या सहज म्हणाल्या, "मग फुडल्या वर्षी ये की. पांडुरंग कुठं जातोय? हाय की तिथंच उभा." आणि पाय मागे घेऊन, चप्पल घालून निघाल्या.

मला कूर्मदासांची गोष्ट आठवली. पैठणचे कूर्मदास, हातपाय नव्हते, सरपटत पंढरपूरला निघाले. लऊळ गावापर्यंत आले आणि पुढे येणं होईना. त्यांनी वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला की माझ्याच्याने आता येववत नाही. संतकथा सांगते की विठ्ठल स्वतः लऊळला आला. मी काही कूर्मदास नाही, माझ्या दारात कुणी येणार नाही. पण 'माझ्याच्याने होत नाही' असं देवाला सरळ सांगता येतं, हे मला त्या स्टुलावर बसून पटलं. इतके दिवस मी देवाला माझी ताकद दाखवायला निघाले होते.

आता थोडं कामाचं, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात आज ही गोळी असेलच. घाबरू नका. ही औषधं अनेकांचे जीव वाचवतात आणि बहुतेकांना हा त्रास होत नाही. पण वय साठच्या वर असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा किडनी, हृदय, फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालं असेल तर धोका जास्त असतो. आमच्या शेजारच्या काकांना दम्यासाठी स्टेरॉइड चालू होतं आणि वर हीच गोळी लिहिलेली. मी फक्त म्हटलं, "काका, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या." त्यांनी विचारलं, डॉक्टरांनी दुसरी दिली. टाच, खांदा, मनगट, कुठेही टेंडन दुखू लागलं तर त्या भागावर जोर देऊ नका आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. कोर्स संपून काही महिने झाले असले तरी दुखू शकतं, हेही त्यांना सांगा. 'कट्' असा आवाज येऊन पाय टेकवेनासा झाला तर थेट हॉस्पिटल गाठा.

आजचा अभ्यास: आज जे काही दुखतंय, शरीरात किंवा मनात, त्याबद्दल दोन प्रश्न विचारा. यावर करण्यासारखं काही आहे का? असेल तर आजच करा, त्यात लाज नाही. आणि ते केल्यावर काय उरतं? त्या उरलेल्यासाठी पाच मिनिटं डोळे मिटून नाम घ्या.

माझी टाच अजून सकाळी दुखते. कालच्यापेक्षा आज थोडी कमी.

पांडुरंगा, चालता येईल तेव्हा चालव. बसवशील तेव्हा बसायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी! 🙏