एक भाकरी, सावकाश

बसा.

पाटावर, सतरंजीवर, खुर्चीत, जिथे सोयीचं असेल तिथे. पाठ ताठ करायची घाई नको. आधी नुसतं टेका.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून या. टीव्ही बंद असू द्या. घरातले आवाज थोडा वेळ ऐका.

एक श्वास आत घ्या. सावकाश बाहेर सोडा.

आज वजनकाट्यावर चढायचं नाही. आरशासमोर उभं राहायचं नाही. किती किलो, किती इंच, हे प्रश्न राहू द्या बाजूला.

आज फक्त एका भाकरीजवळ बसायचं आहे.

*

डोळे मिटा आणि मनाने मराठवाड्यातल्या लोहाऱ्याला या.

मार्गशीर्ष आहे. दिवस कलला आहे. गावाबाहेर पडलं की काळं रान सुरू होतं. तूर शेंगांनी भरली आहे. हरभरा अजून कोवळा आहे. आणि मधूनमधून ज्वारी उभी आहे, माणसाच्या डोक्याहून उंच.

बांधावर थांबा.

ही रब्बीची ज्वारी. पाऊस परतत असताना पेरलेली. त्यानंतर तिला आभाळातून फारसं काही मिळत नाही. काळ्या मातीने पावसाळ्यात जी ओल धरून ठेवली, तिच्यावरच ती वाढते, पोटरीत येते, कणीस टाकते.

जेवढी ओल आहे, तेवढ्यात.

धाटांमधून वारा जातो. पानं एकमेकांवर घासतात. तो आवाज ऐका.

श्वास घ्या. सोडा.

*

आता आत या, चुलीजवळ.

काटवटीत पीठ आहे. पाणी कढत आहे. घरातली माऊली तळहाताच्या टाचेने पीठ मळते आहे. पुढे रेटते, मागे ओढते, पुन्हा पुढे रेटते.

बघत राहा.

ज्वारीच्या पिठाला गव्हाची चिकाटी नाही. पोळीसारखी त्याची भाकरी सहज लाटता येत नाही, हाताने थापावी लागते. गोळा काटवटीत ठेवला जातो. खाली कोरडं पीठ. एक हात थापतो, दुसरा हात कड सांभाळतो. भाकरी स्वतःभोवती फिरत फिरत मोठी होते.

थाप. थाप. थाप.

हे हात घाई करत नाहीत. घाई केली की कड चिरते.

भाकरी तव्यावर पडते. तिच्या अंगावरून पाण्याचा हात फिरतो. पाणी आटतं, भाकरी उलटते. मग तव्यावरून उतरून ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्याला टेकून उभी राहते.

थांबा. आता बघा.

एका बाजूने ती उचलते. आत वाफ कोंडते. पापुद्रा सुटतो. भाकरी टम्म फुगते.

तो वास आत घ्या. भाजलेल्या ज्वारीचा. थोडा धुराचा.

इतकंच. अजून जेवायचं नाही.

*

ताट समोर आलं आहे.

हात लावू नका. आधी बघा.

एक भाकरी. तुरीचं घट्ट वरण. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, भरपूर. मुळ्याच्या दोन फोडी, पातीचा कांदा. शेंगदाण्याची चटणी, चिमटीत मावेल एवढी. वाटीभर ताक.

100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं असतात. जवळजवळ तेवढेच तंतू असतात. तंतूंमुळे अन्न पोटात सावकाश पुढे सरकतं आणि भूक लवकर परत येत नाही. वरणाने प्रथिनं वाढतात. भाजीने ताट भरतं आणि अंगावर फारसं काही चढत नाही.

एवढं ऐका आणि आकडे सोडून द्या. पुन्हा ताटाकडे बघा.

आता एक हात पोटावर ठेवा.

विचारा, भूक कुठे आहे?

पोटात आहे का? की जिभेवर आहे? की दिवसभराच्या शिणवट्यात आहे? कुणाच्या बोलण्याने मन दुखावलं आहे, तिथे आहे?

उत्तराची घाई नको. जे असेल ते असू द्या.

खरी भूक हळूहळू येते. ती भाकरीवरही खूश असते. जी भूक फक्त फरसाण मागते, फक्त गोड मागते, तिला थोडा वेळ नुसती बघा. पेलाभर पाणी प्या. बऱ्याचदा ती निघून जाते.

श्वास घ्या. सोडा.

*

आता एक घास.

एकच. लहानसा.

भाकरीचा तुकडा मोडा. पापुद्रा वेगळा होतो, तो बोटांना कळू द्या. वरणात बुडवा. तोंडात ठेवा.

आणि हात ताटापासून उचलून मांडीवर ठेवा.

चावा. पुढच्या घासाकडे मन धावेल. त्याला परत बोलवा. अजून हा घास संपलेला नाही.

चावत राहा.

थोड्या वेळाने एक गोडसर चव येईल. ती कुणी वरून घातलेली नाही. लाळेतला पाचक रस धान्यातल्या पिठाची साखर करू लागतो, म्हणून ती येते. भरभर गिळणाऱ्याला ती कधी भेटत नाही.

ती चव येईपर्यंत थांबा.

आली?

आता गिळा. घास खाली उतरतो, तो जाणवू द्या.

मग पुढचा घास.

*

जेवताना एक आठवण जवळ येऊ द्या.

या मुलुखाने 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. विहिरी कोरड्या. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं. हातावर पडणारी सुकडी. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी.

ज्यांनी ते दिवस काढले, त्यांची बोटं आठवा. ताटात पडलेला कणही ती टिपून घेतात.

आपल्याला वाढणारा हात तिथून आला आहे. ‘अजून अर्धी घे’ या शब्दांत केवढी माया आहे. आणि त्या मायेच्या तळाशी जुनी भीती आहे, उद्या मिळालं नाही तर?

तो शब्द कानावर येऊ द्या. त्याला मनोमन नमस्कार करा.

आपलं शरीरही ती भीती बाळगून आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेली बाळं पाहिली. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ती फार लहान होती, सरासरी 2.7 किलोची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण तेवढ्याशा जिवानेही त्वचेखालची चरबी त्या मानाने सांभाळून ठेवली होती.

म्हणून आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा माणूस घरोघरी दिसतो. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर ओलांडली, की डॉक्टर सावध करतात, मग काट्यावरचं वजन काही का असेना.

आता पुन्हा हात पोटावर ठेवा.

हे पोट तुमचा शत्रू नाही. उपाशी पिढ्यांनी दिलेली ती सावधगिरी आहे. त्याच्यावर रागावू नका. त्याला लाजू नका.

त्याला हळूच सांगा, आता आहे. उद्याही मिळेल.

श्वास घ्या. सोडा.

*

अजून एक गोष्ट बघा, शांतपणे.

आजोबा याच रानात कुळवामागे चालत होते. आजी पाणी शेंदत होती, जात्यावर दळत होती, भारे वाहत होती. त्या अंगाला तीन भाकरी लागत होत्या.

आता रानात ट्रॅक्टर फिरतो. पिठाची गिरणी आहे, नळ आहे, दाराशी मोटारसायकल आहे. कष्ट हलके झाले, हे चांगलंच झालं. पण ताटातल्या भाकरी तेवढ्याच राहिल्या. वर दिवसभराचा चहा आला. प्रत्येक कपात दोन चमचे साखर आली. बशीत बिस्किटं आली.

कुणाला दोष द्यायचा नाही. फक्त बघायचं आहे.

आज दिवसभरात तोंडाकडे हात कितीदा गेला? भूक असताना किती वेळा? नुसताच किती वेळा?

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दोन वेळच्याच जेवणाचा मार्ग महाराष्ट्रभर सांगितला. ते लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, आणि लातूर लोहाऱ्यापासून काही फार दूर नाही. दोन जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. हाच मार्ग सर्वांना मानवेल असं नाही. पण दोन जेवणांच्या मधली ती मोकळी जागा अनुभवून बघा. तिथे पोटाला विसावा मिळतो. खरी भूक कशी असते, तेही तिथेच कळतं.

आणि सणाचं जेवण सणाला जरूर जेवा. वेळ अमावस्येला रानात जा, भज्जी खा, उंडे खा, आंबिल प्या. मन भरून. रोजचं ताट मात्र रोजचंच असू द्या.

*

अर्धी भाकरी संपली आहे.

आता थांबा.

पोट भरत आल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला तो निरोप मिळतो, तेव्हा ताट कधीच रिकामं झालेलं असतं. मग जडपणा तेवढा हाती उरतो.

म्हणून थांबा. ताकाचा एक घोट घ्या.

ऐका.

‘पुरे’ म्हणणारा आवाज फार बारीक असतो. घासाची चव थोडी फिकी होते. श्वास थोडा लांबतो. हात आपोआप सावकाश होतो. अजून खाता आलं असतं असं वाटतं, पण गरज वाटत नाही.

तिथे आहात का?

नसाल, तर आणखी चार घास घ्या. सावकाश. पुन्हा ऐका.

असाल, तर हात थांबवा.

टोपल्यात एक भाकरी उरली आहे. तिच्याकडे बघून जीव खालीवर होतो. होऊ द्या. ती फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी ताकात कुस्करून, वर कांदा चिरून, तीच न्याहारी होईल.

वाया काही गेलेलं नाही. पोटात भूक नसताना ढकललं असतं, तर ते वाया गेलं असतं.

*

आता उठा. सावकाश.

ताट उचला, चूळ भरा, अंगणात या.

चाला.

भरभर नको, जेवण झालं आहे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टाच टेकते, मग चवडा टेकतो. ते तळव्यांना कळू द्या.

चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. नुकतीच खाल्लेली ती भाकरी पायांच्या कामी येते आहे. पाय उचलताना ते लक्षात असू द्या.

टाच. चवडा. टाच. चवडा.

उद्या पहाटे पुन्हा याच पायांवर उभे राहा. लोहाऱ्यात असाल तर सास्तूरच्या नाहीतर जेवळीच्या रस्त्याला लागा. पुण्यात, मुंबईत असाल तर घराजवळचा रस्ता किंवा बाग चालेल. अर्धा तास चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने. आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, ती यात पुरी होतात.

कानात काही घालू नका. आपला श्वास ऐका. पाखरं ऐका.

घरी आल्यावर खुर्चीवरून उठा, बसा. दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर काढा, झेपतील तेवढे. खाणं कमी झालं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यांना काम दिलं की ते टिकतात.

एखादा दिवस चुकेल. चुकू द्या. दुसऱ्या दिवशी चपला घाला.

महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. तोवर सवयही अंगात मुरते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असाल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाणं धोक्याचं असतं.

बाकी सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. आज रात्रीच्या जेवणात पहिला घास गोड लागेपर्यंत चावा, आणि अर्ध्या भाकरीवर एकदा थांबा. आपल्या माणसांना वाढतानाही ‘अजून एक घे’ म्हणायच्या आधी ‘पोट भरलं का?’ असं विचारा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत वाट बघा.