रिकाम्या जागेचा मान

आधी कबुली देऊन टाकतो. गेल्या श्रावणात आईला डोळे दाखवायला एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. पाऊस मी म्हणत होता. आवारात गाड्या खेटून लागलेल्या, मोकळी जागा एकच, आणि तिच्यावर निळ्या रंगात चाकाची खुर्ची काढलेली. मी गाडी तिथंच घातली. वॉचमननं आईच्या हातातली काठी बघितली आणि मान वळवली. मीही मनाशी म्हटलं, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, आणि तसंही इथं कोण येतंय?

पाऊण तासानं बाहेर आलो, तेव्हा फाटकाबाहेर, उताराच्या रस्त्याला, साइडव्हील लावलेली एक स्कूटर उभी होती. चाळिशीतला एक माणूस रेनकोट सांभाळत, बाजूला पट्ट्यानं बांधलेल्या कुबड्या सोडवत होता. एका कुबडीच्या टोकाची रबरी टोपी झिजून चपटी झाली होती. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं तेव्हा रत्नागिरीत धडधाकट माणूससुद्धा बोटं रोवून चालतो. हा गृहस्थ प्रत्येक पावलाला आधी कुबडी दाबून बघत होता, मग भार टाकत होता. मी म्हटलं, "गाडी काढतो, तुम्ही आत या." तो हसून म्हणाला, "राहू दे हो काका, म्हातारं माणूस आहे तुमच्याबरोबर. मला सवय आहे."

त्या ‘सवय आहे’नं पुढे बरेच दिवस पिच्छा सोडला नाही.

नियम काय म्हणतो ते नंतर शोधलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या 41व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ इथल्या सोयींची यादी आहे, आणि तिच्यात पार्किंगचा उल्लेख आहे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेली 2020 सालची बांधकाम नियमावली तर थेट मापंच देते: प्रवेशद्वाराजवळ दोन गाड्यांची जागा, दारापासून अंतर जास्तीत जास्त 30 मीटर, रुंदी किमान 3.6 मीटर. म्हणजे साधारण बारा फूट. एवढी रुंदी कशाला, असं बिल्डरला वाटतं. गाडीचं दार सताड उघडून बाजूला चाकाची खुर्ची लावायची आणि सीटवरून तिच्यात सरकायचं, तर तेवढी लागतेच. शेजारी वीतभर अंतरावर दुसरी गाडी उभी असेल, तर आतला माणूस आतच राहतो.

आणि आईची काठी? कायद्याच्या लेखी ती काठी म्हणजे काहीच नव्हे. म्हातारपण म्हणजे दिव्यांगत्व नाही. त्याचं प्रमाणपत्र लागतं. वॉचमननं मला सोडलं ते दयेपोटी, आणि त्या दयेचं भाडं भरलं स्कूटरवाल्यानं.

पार्किंगचा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोटार होती. रत्नागिरीत पायानं अधू माणूस मोटारीतून कमीच येतो. तो येतो साइडव्हीलवाल्या स्कूटरवरून. ही स्कूटर चाकांसकट चार फुटांच्या आसपास रुंद भरते. तिला रिव्हर्स गियर नसतो. राम आळीत किंवा गोखले नाक्याला दुचाकींच्या रांगेत ती कशीबशी घुसवली, तर दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी बाइक खेटून लागतात, एखादीचा स्टँड नेमका साइडव्हीलच्या आत रोवलेला. मग कुबडीवर उभं राहून बाइकवाल्याची वाट बघायची, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची: भाऊ, जरा मागे ओढून देता का? स्वतःच्या वाहनावरून, कुणाचे उपकार न घेता बाजारात आलेला माणूस शेवटी पुन्हा उपकारावरच येतो. आपल्या गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या आहेत हे मान्य. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत धडधाकट माणसाचेही हाल होतात, तेही मान्य. पण अडचण सगळ्यांना असली, तरी ती सगळ्यांना सारखी बाधत नाही.

"कोण येतंय?" याला खरं उत्तर असं आहे की सहज येणं आपण शक्यच ठेवलेलं नाही. घराच्या पायऱ्या, पाखाडीचा उतार, फुटपाथची फूटभर उंच कड, कचेरीत वरच्या मजल्यावरचा कक्ष. या साखळीत एकच कडी निळ्या रंगानं रंगवायची आणि ती ओस पडली की म्हणायचं, बघा, कुणी वापरत नाही. पुलाचा मधला एकच गाळा बांधून वाहतूक नाही म्हणून तक्रार करण्यातला हा प्रकार. आंब्याच्या झाडावरून पडून कण्याला मार बसलेली, खुर्चीला खिळलेली माणसं या जिल्ह्यात आहेत. वाड्यांवर विचारलं तर कळतात. बाजारात ती दिसत नाहीत, म्हणून आपल्या लेखी नसतात.

रिकामी जागा बघवत नाही हा आपला स्वभावच, असंही मला सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. पितृपंधरवड्यात कावळ्यासाठी वाढलेल्या पानाला घरातलं पोरसुद्धा हात लावत नाही. कावळा येवो न येवो, घर उपाशी खोळंबतं. शिमग्यात पालखी सहाणेवर येते, मानकरी अजून मुंबईहून येणाऱ्या गाडीत अडकलेला असतो, आणि अख्खा गाव थांबतो. त्याचा नारळ दुसऱ्यानं उचलून बघावा! मानापमानावरून वर्षानुवर्षं शिमगा बंद पडलेली गावं कोकणात आहेत. तेव्हा न आलेल्या माणसासाठी जागा राखायला आम्हाला चांगलं जमतं. मानकऱ्यासाठी आणि पितरांसाठी राखतो. शेजारच्या वाडीतल्या पांगळ्यासाठी राखत नाही.

कारण मान आम्हाला कळतो, दया कळते, या दोहोंच्या मधला हक्क कळत नाही. निळी जागा आम्ही दयेच्या खात्यात टाकली आहे. दया करणाऱ्याच्या सोयीनं करायची असते; आज घाई आहे, दया उद्या. 27 डिसेंबर 2015 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि पाट्या भराभर बदलल्या. नावाला मान मिळाला, गाडीला जागा मिळाली नाही.

मानाचं फार कौतुक करण्यातही अर्थ नाही म्हणा. कुणी कुठे उभं राहायचं आणि कुणी नाही, हे जन्मावरून ठरवणारी व्यवस्थाही मानाचीच होती. याच शहरात 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर उघडलं, ते सगळ्या जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. तेव्हाही विरोध झाला, कुरकुर झाली. आज तिथं कोण कुठवर गेला हे कुणी बघतही नाही. जागेविषयीच्या समजुती बदलतात, पण आपोआप नव्हे.

दुसरी एक अडचण त्या चिन्हातच आहे. चाकाच्या खुर्चीचं ते चित्र 1968 साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्चीच होती. माणसाचं डोकं नंतर वर गोल काढून बसवलं गेलं. चित्र जगभर गेलं आणि अपंग म्हणजे खुर्चीतला, हे समीकरणही गेलं. आपल्या 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन्स आहे, हिमोफिलिया आहे. हिमोफिलियाचा विशीतला मुलगा गाडीतून उतरतो तेव्हा दिसतो अगदी ठणठणीत, पण सांध्यात रक्तस्राव झालेला असेल तर पन्नास पावलंही जड. त्याला वॉचमन हटकणार, आणि काठीवाल्या आईच्या मुलाला सोडणार. ब्रिटनमध्ये 1971 पासून गाडीच्या काचेआड ठेवायचं ओळखपत्र आहे, आणि 2019 पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही ते मिळतं. त्याचाही गैरवापर होतोच, माणसं तिथलीही माणसंच. पण निदान वॉचमनला चेहरा बघून निवाडा करावा लागत नाही. आपलं यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र खिशात राहतं. पार्किंगमध्ये उभ्या गाडीकडे बघून काहीच कळत नाही. त्यातून 2024 साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, आणि ज्याच्या त्याच्या प्रमाणपत्राकडे संशयानं बघायची सोय झाली.

हक्काकडे दया म्हणून बघणाऱ्या साहेबी वृत्तीचं एक उदाहरण मुंबईतलं. ऑक्टोबर 2023 मध्ये विराली मोदी या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कार्यकर्तीचं खार इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्न होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टची सोय नाही. सहीसाठी खाली यायला अधिकारी तयार झाले नाहीत, आणि नवरीला उचलून वर न्यावं लागलं. नंतर उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला कायद्यानं दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 च्या जूनमध्येच संपली होती. राजीव रतुरी यांच्या 2005 सालच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, त्यातले किमान काही सक्तीचे करा, आणि केंद्राला तीन महिने दिले. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. ज्या आवारात मी गाडी लावली तिथं दंडाची पाटी नव्हती. असती, तर मी चिखलातून आईला छत्री धरून नेलं असतं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्या स्कूटरवाल्याची पुन्हा भेट झाली, भाजी मार्केटपाशी. मी विचारलं, काय केलं तर बरं होईल? त्यानं मोठं काही मागितलं नाही. गाड्यांसाठी बारा फुटी जागा नको, म्हणाला, आमच्याकडे गाड्या कुठे आहेत. रांगेच्या टोकाला, कडेची, एका बाजूनं मोकळी राहील अशी सहा फुटांची जागा आखा, आणि पुढे एक लोखंडी खांब रोवा म्हणजे तिथं मोटार घुसणार नाही. टोकाला असली की मागे ओढायला माणूस लागत नाही, वळवून काढता येते. आणि त्या जागेपुढचा जांभा पावसाळ्यात दोन वेळा घासून घ्या.

नगरपालिकेनं मार्केट, एसटी स्टँड आणि जिल्हा रुग्णालय अशा तीन ठिकाणी हे करावं, एवढीच विनंती. पुढच्या शिमग्याआधी सहज होण्यासारखं आहे.