वानर, टोळ आणि आपण



नाशिकजवळच्या डोंगरात पोटाशी पिल्लू धरलेली काळतोंडी वानरीण दिसली, की आपण थांबून कौतुकाने पाहतो. नाकतोडा पायाखाली आला तरी लक्षात येत नाही. टोळ ही नाकतोड्याचीच एक जात. मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात पोहोचली, तेव्हा तर आपण त्याला राक्षसच ठरवले.

पण वानर सज्जन आणि टोळ दुष्ट, असे खरोखर आहे का? कळपाचा ताबा नव्या हुप्प्याने घेतला, की तो कधीकधी आधीची पिल्ले मारतो. अबूच्या डोंगरावर १९७० च्या दशकात याचा अभ्यास झाला. उलट वाळवंटी टोळ एरवी एकटा, बुजरा असतो. दाटी होऊन मागच्या पायांना इतरांचा सतत स्पर्श होऊ लागला, की काही तासांतच त्याचे वागणे पालटते आणि तो झुंडीबरोबर निघतो.

या दोघांनाही पाप लागत नाही. ‘थांब’ म्हणणारी सदसद्विवेकबुद्धी देवाने आपल्याला दिली आहे. तरीही एकटे असताना जे करायला आपण लाजतो, तेच गर्दीत बेधडक करतो आणि नंतर म्हणतो, “सगळेच करत होते!” टोळाला हे शोभेल, आपल्याला नाही.

या आठवड्यात चारचौघांत कुणा गैरहजर माणसाची निंदा सुरू झाली, तर निदान आपण गप्प न बसता ती थांबवू या.