आईचे पांग फेडण्याचा हिशेब

आई आयसीयूत असते, बाहेरच्या खुर्च्यांवर लेकी-सुना-मुलं पाळ्या लावून बसतात, आणि भेटायला येणारं कुणीतरी म्हणतंच, ‘आता आईचे पांग फेडायची वेळ आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण कर्ज म्हटलं की फेड आली, आणि फेड म्हटली की ती कधीतरी संपणं आलं. व्हेंटिलेटर निघाल्यानंतरचं बरं होणं मात्र मुदत सांगून येत नाही. मूळ आजार हटला तरी स्नायूंची झीज, विसराळूपणा आणि खिन्नता महिनोन्महिने रेंगाळते. या अवस्थेला वैद्यकाने 2012 मध्ये ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि कुटुंबीयांची चिंता, उडालेली झोप यांचीही नोंद त्याच नावाखाली घेतली. इतक्या लांबणाऱ्या सेवेला ऋणाची कल्पना पुरत नाही, उलट ती सेवा बिघडवते, असं मला वाटतं.

खुद्द परंपरेलाही हा हिशेब मान्य असल्याचं दिसत नाही. तैत्तिरीय संहितेतल्या तीन ऋणांपैकी पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. आजारी आईच्या उशाशी बसण्याचा तिथे उल्लेखही नाही. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय तर सांगतो की अपत्याच्या जन्मासाठी आईबाप जे क्लेश सोसतात त्यांची भरपाई शेकडो वर्षांतही होत नाही. अंगुत्तर निकायात बुद्ध याच्याही पुढे जातात. एका खांद्यावर आई आणि दुसऱ्यावर बाप घेऊन शंभर वर्षं त्यांची सेवा केली, तरी फेड होत नाही. फेड होते ती त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांकडे नेल्याने. म्हणजे उरलेली एकच वाट आईबापांच्या स्वतःच्या मनातून जाते. तिथे ते नुसते घेणेकरी राहत नाहीत. आणि पुंडलिकाचं काय? सेवा ही फेड असती तर दारात उभा राहिलेला देव म्हणजे चुकती झाल्याची पावतीच होती. पुंडलिकाने ती घेतली नाही; वीट पुढे सरकवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. (प्रचलित कथेत त्याच्या आईबापांना मात्र जवळजवळ तोंडच नाही. कीर्तनांतूनही त्यांना काय हवं होतं हे फारसं कुणी विचारत नाही.)

ते विचारायला चरकाने जागा करून ठेवली आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला उपचाराचं ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याकडेही चार गुण हवेत: स्मृती, सांगितलेलं पाळणं, न भिणं आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. खाटेवरची आई इथे उपचार करणाऱ्यांपैकीच एक आहे. ऋणाच्या हिशेबात ती फक्त वसुली घेणारी असते, आणि वसुली घेणाऱ्याने काही करायचं नसतं. म्हणून ‘तू काही करू नकोस, आम्ही आहोत ना’ असं प्रेमाने म्हणत मुलं तिचा चमचाही हातातून काढून घेतात, आणि फिजिओथेरपिस्ट ज्या हाताला वळण लावू पाहतो तोच हात दिवसभर रिकामा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की शुद्धच नसलेली, भ्रमात बडबडणारी आई कसली भागीदार? आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. 1999 मध्ये शॅरन इनौये आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या 852 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वार आणि जागा सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी देणं, रात्री झोपू देणं, लवकर चालवणं, पाणी पाजणं अशा साध्या उपायांनी भ्रमाचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे रुग्ण आयसीयूतले नव्हते आणि हे काम बरंचसं प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तरी या उपायांमागचं गृहीत महत्त्वाचं आहे: गोंधळलेल्या माणसाला आत अजून कुणीतरी आहे असं धरूनच वागवायचं. आई बोलू शकत नसेल तेव्हा तिच्या सवयी सांगण्याचं काम घरच्यांकडे येतं. ती कुठल्या कुशीवर झोपते, तिला कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, हे डॉक्टरांना दुसरं कोण सांगणार?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: कर्तव्याचा धाक काढला तर मुलं येणारच नाहीत. धाक लागतो, हे 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाच सांगतो, आणि तो असावाच. पण कायद्याने निर्वाहाची रक्कम मिळते, अनुराग मिळत नाही. शिवाय धाकाखालची सेवा बहुतेक घरांत एकाच दिशेने सरकते: ऋण मुलाच्या नावावर आणि डायपर सुनेच्या हातात. चरकाने परिचारकाचं नातं सांगितलेलं नाही, गुण सांगितले आहेत. ज्याला कूस बदलता येते, ज्याची रात्रीची झोप झालेली आहे आणि ज्याच्या हाताला माया आहे त्याने बसावं. बाकीच्यांनी घरी जाऊन झोपावं. आणि एखाद्या दिवशी आईच ‘आज व्यायाम नको’ म्हणाली तर त्या नकाराचं कारण तिलाच विचारावं, कारण चौथा पाद तीच आहे.