भोगाचे फळ

पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या चिंचोळ्या देशात, पावसाळा सरता सरता ज्या गावांतील लहान मुले हिवतापाने फणफणत असतात, त्याच गावांतील प्रौढ स्त्रीपुरुष भाताच्या आणि भुईमुगाच्या शेतांत निर्वेधपणे राबताना दिसतात. आणि रक्त तपासले तर त्यांच्यापैकीही पुष्कळांच्या अंगी तोच परजीवी जंतू अल्प संख्येने वास करून असतो. जावा आणि न्यू गिनी येथे फिरताना रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला १९०० च्या सुमारास असेच आढळले होते, की मुलांच्या रक्तात जे जंतू विपुल सापडतात ते मोठ्यांच्या रक्तात क्वचितच दिसतात. आणि त्यावरून, ही प्रतिकारशक्ती उपजत नसून वारंवारच्या दुखण्यातून अर्जित होते, असे अनुमान त्याने बांधले.

अर्जित होते, पण फार सावकाश. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बालकाला त्यांचा आधार असतो. तो ओसरला म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. हा जंतू ज्या तांबड्या पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन मांडतो, आणि त्या प्रथिनाचे सुमारे साठ नमुने त्याच्या जनुकसंचयात असल्यामुळे, शरीराने एकाची ओळख पटवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे सिद्ध केली की तो बहुरूप्याप्रमाणे दुसरे सोंग घेऊन उभा राहतो. प्रथम प्राणघातक विकारापासून रक्षण लाभते, पुढे काही वर्षांनी तापही येईनासा होतो, परंतु जंतूचा समूळ उच्छेद बहुधा कधीच होत नाही. हे कवच धारण करणारा माणूस काही वर्षे परदेशी राहून गावी परतला, तर तो पुन्हा आजारी पडतो. इतकेच नव्हे, तर गावातच वाढलेली सशक्त तरुणी पहिलटकरीण असताना पुन्हा धोक्यात येते, कारण वारेला चिकटून राहणारे जंतूचे रूप तिच्या रक्ताने तोवर पाहिलेलेच नसते. पुढच्या बाळंतपणांत मात्र ते रक्षण हळूहळू जमते.

तपाची महती ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला हा सारा वृत्तांत मोठा अनुकूल वाटण्याजोगा आहे. ताप सोसावा आणि तेज मिळवावे, विपत्ती भोगावी आणि बळ पावावे, हा जो धर्मविचार आपण कीर्तनांतून आणि पुराणांतून आत्मसात केला, त्याचा दाखला सृष्टीने रक्तातच लिहून ठेवला आहे, असे कोणाला वाटले तर नवल नाही. परंतु हा दाखला मंजूर करण्यापूर्वी साक्षीदारांची हजेरी घेतली पाहिजे. ज्या प्रौढाच्या ठायी आपण भोगाचे फळ पाहतो, त्याची जी भावंडे दुसऱ्यातिसऱ्या वर्षीच दगावली ती या साक्षीला उभी नाहीत. आणि आफ्रिकेत हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू आजही पाच वर्षांखालील बालकांचेच आहेत. तप हे स्वेच्छेने पत्करायचे असते; दोन वर्षांच्या मुलाचा ताप हे तप नव्हे. कुंतीने श्रीकृष्णाजवळ विपत्ती मागितल्याची कथा येथे कोणी पुढे करील, तर त्याने हेही ध्यानात घ्यावे की तिने ती भगवंताच्या दर्शनासाठी मागितली, पुत्रांची देहयष्टी कणखर व्हावी म्हणून नव्हे.

या विचाराला निर्णायक कलाटणी १९६१ साली मिळाली, असे मी मानतो. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी गॅम्बियातील प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला अंश, वेगळा काढला आणि हिवतापाने आजारी असलेल्या तेथील मुलांना टोचला. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तातील जंतूंची संख्या झपाट्याने घटली. इंग्लंडमधील माणसांच्या रक्तातून काढलेल्या त्याच अंशाचा असा काही परिणाम झाला नाही. ज्याने भोगले त्याच्याच रक्तात फळ होते, हे खरे. पण ते फळ ज्याने भोगले नाही त्याच्या स्वाधीन करता आले. मार्कंडेय पुराणातील विपश्चित राजा आपले पुण्य नरकातील जीवांना देऊन टाकतो, तेव्हा ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ, हा नियम करुणेपुढे वाकतो. गॅम्बियातील त्या मुलांच्या बाबतीत हे वाकणे प्रत्यक्ष मोजता आले. आणि भोगाशिवाय फळ देता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर, बालकाने ताप सोसलाच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वज्ञानाला उरत नाही.

तरीही विरुद्ध पक्षाला न्याय दिला पाहिजे. १९५० साली युगांडातील कंपाला येथे जागतिक आरोग्य संघटनेने भरविलेल्या परिषदेत, डीडीटीची फवारणी करून हिवताप हटवला तर लोकांची कष्टार्जित प्रतिकारशक्ती नाहीशी होईल, आणि उद्या फवारणी थांबली तर प्रौढही बालकांइतकेच असहाय ठरतील, अशी भीती काही जाणत्या तज्ज्ञांनी व्यक्त केली होती. परिषदेने अखेर प्रत्येक प्रदेशात, तेथील प्रादुर्भाव कितीही असो, शक्य तितक्या लवकर नियंत्रण हाती घ्यावे, अशी शिफारस केली, आणि माझ्या मते तेच धर्म्य होते. मात्र भीतीही पोकळ नव्हती. मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावर फवारणीचा बंदोबस्त ढिला पडल्यानंतर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात साथ उसळली, आणि हिवतापाशी परिचय नसलेल्या पिढीतील हजारो माणसे तिला बळी पडली. दुसऱ्याचे दुःख हरण करणाऱ्याने त्याचे कवचही हरण केलेले असते. तेव्हा ते कार्य अर्ध्यावर तहकूब करण्याची मुभा त्याला राहत नाही. आपल्या परंपरेने पितृऋण आणि ऋषिऋण सांगितले. हे उपकारकर्त्यावरच चढणारे ऋण आहे, आणि त्याला मुदत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केली, तेव्हा हे ऋण एका परीने आपल्याही दारी आले. जंतू यकृतात शिरण्यापूर्वीच त्याला अडविणारी प्रतिपिंडे ती उत्पन्न करते. पण तिचेही बळ काळाबरोबर उतरते, म्हणून पहिल्या तीन मात्रांनंतर सुमारे वर्षाने चौथी द्यावी लागते, आणि ती द्यायला त्या गावात त्या वर्षीही कोणी ना कोणी पोहोचावे लागते.